रणगाडा रेल्वेनं कसा जातो, आणि त्याची रील का टाकायची नाही

रणगाड्याला पट्टे आहेत, हजार अश्वशक्तीचं इंजिन आहे, चिखल-वाळू-नाले तुडवत तो कुठंही जातो. मग त्याला रेल्वेवर कशाला चढवायचं? गेला की आपला आपण सीमेवर!

प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर डिझेलच्या टाकीत आहे. आपल्या लष्कराकडचा टी-७२, म्हणजे ‘अजेय’, हजार लिटरच्या वर डिझेल पितो आणि तेवढ्यात साधारण ४५० ते ५०० किलोमीटर जातो. आपल्याकडं रणगाड्यांचं माहेरघर म्हणजे अहिल्यानगर. आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र तिथंच आहे. तिथून राजस्थानची सीमा हजार किलोमीटरच्या पुढं. म्हणजे वाटेत दोन-तीनदा टाक्या भरा, डांबरी रस्त्याची वाट लावा, पट्ट्यांचे रबर आणि पिना झिजवा, आणि पोचल्यावर लढाईआधी गाडी गॅरेजला लावा. रणगाडा हा लांबच्या प्रवासाचा गडी नव्हे. शर्यतीचा बैल आपण शर्यतीच्या माळावर चालवत नेत नाही, टेम्पोतून नेतो. तसंच हे.

मी कबनूरचा. इचलकरंजीला लागून असलेलं आमचं गाव यंत्रमागाच्या खडखडाटात जागं होतं. रेल्वे म्हटलं की आम्हाला हातकणंगले गाठावं लागतं, आणि जरा मोठ्या प्रवासाला मिरज. मिरजेच्या फलाटावर मी मिलिटरी स्पेशल पाहिलेली आहे. कधी पाहिली आणि तिच्यावर काय होतं, ते इथं लिहिणार नाही. का नाही, तोच या लेखाचा अर्धा भाग आहे. उरलेल्या अर्ध्यात आधी तंत्र समजून घेऊ, कारण ते लै भारी आहे.

खरी अडचण रुंदीची

उसाच्या हंगामात आमच्याकडच्या रस्त्यावर गाडी चालवली असेल तर तुम्हाला हा विषय अर्धा समजलेलाच आहे. ट्रॉलीची चाकं रस्त्याच्या आत असतात, पण ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. समोरून एसटी आली की मग कुणीतरी कडेला थांबायचं. रेल्वेत मात्र कडेला थांबणं ही सोयच नाही.

भारतातल्या ब्रॉडगेजमध्ये दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे जगातल्या रुंद गेजांपैकी एक. पण गाडी किती रुंद असावी हे रुळांवरून ठरत नाही. फलाट, सिग्नलचे खांब, पुलांच्या बाजूच्या कैच्या, बोगद्याच्या भिंती यांच्या मधून गाडी न घासता गेली पाहिजे, म्हणून रेल्वेनं एक काल्पनिक चौकट ठरवलेली असते. आपल्याकडं वॅगनसाठी ही रुंदी ३.२५ मीटर आहे. जे काही न्यायचं ते या चौकटीत बसवा. नाही बसलं, तर तो माल ‘ओडीसी’ ठरतो. चौकटीबाहेरचा माल.

आता रणगाडे मोजू. टी-७२ची रुंदी पट्ट्यांच्या बाहेरच्या कडा धरून ३.३७ मीटर, म्हणजे चौकटीपेक्षा दोन्हीकडं सहा-सहा सेंटिमीटर जास्त. बाजूचे पत्रे धरले तर ३.५९. आणि आपल्याच देशात घडवलेला अर्जुन तब्बल ३.८६ मीटर रुंद. ३.८६ वजा ३.२५, दोन्ही बाजूंना वाटून टाका: एकेका बाजूला ३० सेंटिमीटर. शाळेतली अख्खी फूटपट्टी बाहेर आली बघा.

ही फूटपट्टी कुठं अडते? उंच फलाटाची कड रुळांच्या मध्यरेषेपासून साधारण १.६८ मीटरवर असते. अर्जुनची कड १.९३ मीटरवर. म्हणजे रणगाडा फलाटाच्या २५ सेंटिमीटर आत यायला पाहिजे. तो धडकत नाही, कारण वॅगनचा तळ सव्वा मीटरच्या आसपास उंच असतो आणि फलाट फार तर ८४ सेंटिमीटर. रणगाड्याची कड फलाटाच्या वरून सरकत जाते. तुम्ही पिवळ्या पट्टीच्या पुढं उभे असाल तर मात्र ती तुमच्या कमरेच्या उंचीवरून जाईल. मिलिटरी स्पेशल फलाटाला न लावता मधल्या रुळावरून काढतात, त्यामागं गुप्तता हे एक कारण असेल. हे दुसरं कारण साधं भूमितीचं आहे.

दुहेरी मार्गावर शेजारून दुसरी गाडी आली तर? जुन्या मार्गांवर दोन रुळांच्या मध्यरेषांमधलं किमान अंतर ४.२६५ मीटर. शेजारच्या एलएचबी डब्याची अर्धी रुंदी १.६२, अर्जुनची अर्धी १.९३. बेरीज ३.५५. उरले सत्तर सेंटिमीटर. कागदावर पुरेसे वाटतात, पण गाड्या चालताना दोन्हीकडं हेलकावे खातात, वळणावर झुकतात, लांब वॅगनचा मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूला सरकतो. म्हणून ओडीसी मालाचे अ, ब, क असे वर्ग पाडलेले असतात. जितकी मोकळी जागा कमी, तितका वेग कमी आणि अटी जास्त. सगळ्यात आडमुठ्या वर्गाला दिवसाउजेडीच आणि रेल्वेचा माणूस बरोबर घेऊनच न्यावं लागतं. कुठून कुठं, कोणत्या मार्गानं, वाटेत कोणता पूल, कोणता सिग्नल: सगळं आधी तपासून मंजुरी मिळाल्यावरच गाडी हलते.

हा त्रास फक्त आपल्यालाच आहे असं नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या टायगर रणगाड्याला दोन प्रकारचे पट्टे असायचे. लढाईचे ७२५ मिलिमीटर रुंद, आणि रेल्वेत चढवताना लावायचे ५२० मिलिमीटरचे. प्रत्येक वेळी चढवण्याआधी रुंद पट्टे काढा, बाहेरची चाकं काढा, अरुंद पट्टे घाला. उतरल्यावर परत उलटं. सत्तावन्न टनांच्या जनावराचे बूट बदलायचे, तेही दोनदा! इंग्लंडनंही बरीच वर्षं रणगाडे अरुंद ठेवले, कारण त्यांच्या रेल्वेची चौकट जगातल्या सर्वात चिंचोळ्या चौकटींपैकी. रणगाड्याचा आकार शत्रू ठरवतो असं आपल्याला वाटतं. बऱ्याचदा तो रेल्वेचा बोगदा ठरवतो.

वजनाचा हिशेब

रुळाला एकूण वजनाशी देणंघेणं नसतं. एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, किती भार आहे हे त्याला कळतं. भारतात मालगाड्यांसाठी बऱ्याच मार्गांवर ही मर्यादा २२.९ टन आहे, जुनी मर्यादा २०.३२ टन होती. साध्या वॅगनला चार आस. २२.९ गुणिले ४ म्हणजे ९१.६ टन, वॅगनच्या स्वतःच्या वजनासकट.

अर्जुनचं नवं रूप, मार्क-१ए, ६८ टनांचं आहे. म्हणजे वॅगनसाठी उरले साडेतेवीस टन. एवढ्यात अशी वॅगन बनवायची की जी मधोमध ६८ टन घेऊनही वाकणार नाही. जुन्या २०.३२च्या मार्गावर हाच हिशेब करून पाहा: ८१.२८ वजा ६८. तेरा टनांत अशी वॅगन बनत नाही. तो मार्ग बाद. म्हणून अर्जुनसाठी बीएफएटी नावाचा वेगळा सपाट वॅगन-प्रकार काढावा लागला. टी-७२ ४१ टनांचा, टी-९० साडेशेहेचाळीसच्या आसपास. त्यांचं बरंच सोपं जातं.

उंचीची अडचण असेल, म्हणजे रडारचा ट्रक वगैरे, तर ‘वेल वॅगन’ वापरतात. ही दोन्ही टोकांना उंच आणि मध्ये विहिरीसारखी खोलगट असते, त्यामुळं माल खाली बसतो. पूर्वी डिझेल इंजिनांच्या काळात याची चिंता कमी होती. आता जिकडं तिकडं डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार आहे, आणि या तारेला शिवायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी भागतं. समर्पित मालवाहू मार्गावर म्हणूनच लष्कराचा डोळा आहे. पश्चिमेकडच्या मार्गावर दुमजली कंटेनर जावेत म्हणून तार साडेसात मीटरवर टांगली आहे. जून २०२१मध्ये लष्करानं न्यू रेवाडी ते न्यू फुलेरा अशी वाहनं आणि सामग्री भरलेली गाडी चालवून चाचणी घेतली होती.

चढवायचं कसं

क्रेन नाही. रणगाडा स्वतः चढतो. साइडिंगच्या टोकाला उताराचा रॅम्प असतो, त्याची उंची वॅगनच्या तळाइतकी. रणगाडा रॅम्पवरून पहिल्या वॅगनवर येतो आणि थांबत नाही, पुढं जातो. दोन वॅगनांच्या मधल्या फटीवर पोलादी पट्ट्या टाकलेल्या असतात. असं करत पहिला रणगाडा पार शेवटच्या वॅगनवर, दुसरा त्याच्या मागच्या, आणि शेवटचा रॅम्पजवळच्या.

चालकाला स्वतःचे पट्टे दिसत नाहीत, आणि अर्जुनसारख्याचे तर वॅगनच्या कडेबाहेर लटकत असतात. समोर एक जवान उलटा चालत हातांनी खुणा करतो आणि चालक फक्त त्या हातांकडं बघतो. डावा पट्टा जरा जास्त फिरला की ४० टन लोखंड आडवं. आमच्याकडं टेम्पोत सुताचं बीम चढवताना समोरून “आण आण, बस बस” करणारा एक अनुभवी माणूस लागतोच. तो चुकला तर बीम जातं. इथं काय काय जाईल ते सांगायला नको.

चढल्यावर तोफेची नळी लॉक करतात, ब्रेक लावतात, पट्ट्यांच्या पुढंमागं लाकडी ठोकळे ठोकतात आणि चारी बाजूंनी साखळ्या ताणतात. दर मोठ्या थांब्यावर कुणीतरी उतरून साखळ्या हातानं ओढून बघतो. मुंबईकडून पुण्याला येताना बोरघाटाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर गेल्यावर १ मीटर वर. तिथं मागून बँकर इंजिनं लावल्याशिवाय जड गाडी चढतच नाही. अशा उतारावर ढिली साखळी म्हणजे काय, याची कल्पना करा.

गाडीत रणगाड्यांबरोबर माणसंही असतात. जवानांचे डबे, भटारखान्याचा डबा, सामानाचे बंद डबे. माझे मामा तोफखान्यात होते, देवळालीत शिकलेले. ते सांगायचे की शांततेच्या काळात स्पेशल गाडी कुठल्यातरी लूप लाइनला तासन् तास पडून असायची, एक्स्प्रेस गाड्या पुढं जायच्या, आणि यांचा रस्सा रुळांशेजारी शिजायचा. गावातली पोरं विचारायची, “काका, कुठं चाललाय?” उत्तर ठरलेलं: “पुढच्या स्टेशनला.” मामींनासुद्धा एवढंच माहीत असायचं.

मिरजेला उतरा, गाडी बदला

आमच्या भागात लष्करात जाणारी घरं भरपूर. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला, कोल्हापुरात त्याच रेजिमेंटची प्रादेशिक सेनेची १०९वी बटालियन. काळी ट्रंक, गुंडाळलेला बिस्तरा आणि खिशात रेल्वे वॉरंट घेतलेला जवान हे मिरज स्टेशनवरचं जुनं दृश्य. आता वॉरंटच्या जागी बहुतेक ऑनलाइन तिकीट आलंय, ट्रंक मात्र तीच.

मिरज लष्करी रेल्वेच्या दृष्टीनं एका वेगळ्याच कारणासाठी मजेशीर आहे. काही दशकं या एका स्टेशनात तीन गेज होते. १९७०च्या सुमारास पुण्याकडचा मार्ग ब्रॉडगेज झाला. बेळगाव-लोंढ्याकडं मीटरगेज १९९०च्या दशकापर्यंत राहिला. आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडं जाणारी बार्शी लाइट रेल्वे फक्त ७६२ मिलिमीटरची, तिचं रूपांतर तर या शतकात झालं. प्रवाशांना याचा त्रास म्हणजे फलाट बदलणं. लष्कराला त्रास म्हणजे पुण्याहून आलेली तोफ मिरजेला उतरवून, दुसऱ्या गाडीत चढवून, मग बेळगाव. जिथं गेज बदलतो तिथं फौज अडते. जर्मनांनी १९४१ला रशियात घुसल्यावर हेच भोगलं: रशियन रूळ रुंद, जर्मन गाड्या अरुंद, मग मैलोन् मैल रूळ उखडून जवळ आणत बसले. भारतात १९९२पासून सगळीकडं एकच गेज करण्याचा जो कार्यक्रम चालला, त्याचा फायदा आपण प्रवाशाच्या नजरेनं मोजतो. माझ्या मते लष्कराला झालेला फायदा त्याहून मोठा आहे.

त्या बार्शी रेल्वेबद्दल दोन ओळी जास्त लिहितो, कारण ती आपल्याकडची आणि फार कमी जणांना ठाऊक. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं ती आखली, पहिला टप्पा १८९७चा, मिरजेपर्यंत ती १९२७ला आली. छोट्या रुळांवर जास्त माल कसा न्यायचा हा त्याचा ध्यास. त्यानं एका आसावर पाचच टन ठेवले, सगळ्या वॅगन आणि डब्यांना दाबलेल्या पोलादाचा एकच सांगाडा वापरला, आणि युद्धकाळात लष्करी सामान न्यायची वेळ येईल हेही आराखड्यात धरलं. म्हणजे विठोबाच्या वारकऱ्यांची गाडी तोफांचाही विचार करून बनली होती. याच कॅलथ्रॉपनं पुढं पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवलं, नाव ‘गार्डियन एंजल’.

मुळात भारतात रेल्वे आली तीच लष्कराला डोळ्यांसमोर ठेवून. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ला धावली, आणि त्याच महिन्यात लॉर्ड डलहौसीनं लिहिलेल्या टिपणात व्यापाराइतकाच जोर फौज वेगानं हलवण्यावर होता. कोल्हापूर-मिरज मार्ग १८९१चा, तो मात्र कोल्हापूर संस्थानानं आपल्या पैशानं बांधला. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. माणसं, घोडी, दारूगोळा रेल्वेनं मुंबई बंदरात यायचा आणि जखमी परत आले की हॉस्पिटल ट्रेनमध्ये पडून देवळालीसारख्या लष्करी रुग्णालयांकडं जायचे. बंदरातली पोर्ट ट्रस्ट रेल्वे १ जानेवारी १९१५ला सुरू झाली, जणू युद्धाला वेळेवर. देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघत गोरे सोजीर इतके कंटाळायचे की डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणायला लागले. तो शब्द आजही चालू आहे. देवळालीकरांनी वाईट वाटून घेऊ नये.

गाडीतून क्षेपणास्त्र

सप्टेंबर २०२५मध्ये डीआरडीओनं अग्नि-प्राइम हे २००० किलोमीटर पल्ल्याचं क्षेपणास्त्र रेल्वेवरच्या लाँचरमधून सोडून दाखवलं. कल्पना सोपी आहे. खंदकातलं क्षेपणास्त्र कुठं आहे हे उपग्रहाला दिसतं. पण देशभर पसरलेल्या रेल्वेच्या जाळ्यात नेमकी कोणती गाडी ती, हे शोधणं म्हणजे पंढरपूरच्या गर्दीत एक वारकरी शोधणं.

सोव्हिएत संघानं हे १९८७मध्येच केलं होतं, ‘मोलोदेत्स’ नावानं. क्षेपणास्त्र शंभर टनांच्या वरचं, ते एका वॅगनला पेलत नव्हतं, म्हणून भार शेजारच्या दोन वॅगनांवर वाटून दिला. वरची विजेची तार बाजूला सारण्यासाठी वेगळी यंत्रणा होती. ती गाडी दिसायला साध्या शीतडब्यांच्या मालगाडीसारखी. पण चाकं जास्त आणि इंजिनं तीन, म्हणून जाणकाराला ओळखू यायची. लपवलेली गाडी माणसाच्या नजरेला कशी सापडते, याचं हे जुनं उदाहरण. आता ती नजर आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे.

आता तुमच्या फोनकडं वळू

२०२१मध्ये आणि २०२२च्या सुरुवातीला रशिया युक्रेनच्या सीमेवर फौज जमवत होता. जगाला ते कसं कळलं? उपग्रहांनी कळवलं, हे खरं. पण रशियातल्याच पोरांनी टिकटॉकवर टाकलेल्या व्हिडिओंनीही कळवलं. फाटकावर थांबलेत, समोरून रणगाड्यांनी भरलेली गाडी चाललीय, काढला फोन. ‘कॉन्फ्लिक्ट इंटेलिजन्स टीम’ नावाच्या शोधगटानं त्या व्हिडिओंमधले वॅगनचे क्रमांक वाचले, इंटरनेटवर खुल्या असलेल्या रेल्वेच्या माहितीत घातले, आणि गाडी कुठून निघाली, कुठं चाललीय, ते बाहेर आलं. कुणी हेरगिरी केली नाही, काही हॅक केलं नाही. पोरांना फक्त लाइक्स पाहिजे होते.

आपल्याकडच्या वॅगनवरही ११ आकडी क्रमांक असतो. हातकणंगल्याला थांबलेल्या कुठल्याही साध्या मालगाडीवर बघा. पहिले दोन आकडे वॅगनचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, पुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार आकड्यांचा अनुक्रमांक. शेवटचा आकडा पडताळणीचा, तुमच्या आधार क्रमांकाचा शेवटचा असतो तसा. मालगाडीवर हे वाचणं हा छान छंद आहे. मिलिटरी स्पेशलवर हेच आकडे तुमच्या व्हिडिओत आले, तर तो छंद दुसऱ्या कुणाचा तरी होतो.

“मी लोकेशन बंद ठेवतो” असं बरेच जण सांगतात. चांगली सवय, पण इथं अपुरी. फोटोच्या फाइलमध्ये जागा लपलेली असते, ती लोकेशन बंद केल्यावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवल्यावर निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर मात्र तशीच जाते. पण चित्रातच जे दिसतं त्याचं काय करणार? स्टेशनची पिवळी पाटी. विजेच्या खांबावरचा क्रमांक, ज्यात किलोमीटर आणि खांब दोन्ही लिहिलेले असतात. मागचा डोंगर, साखर कारखान्याची चिमणी, सावलीची दिशा. मागं चाललेली “यात्रीगण कृपया ध्यान दें” ही घोषणा तर गाडी क्रमांकासकट वेळ सांगून जाते. ताडपत्री झाकलेली असली तरी नळी किती लांब आणि वॅगन किती, यावरून आत काय आहे याचा अंदाज बांधणारे लोक जगात बसलेत.

एक व्हिडिओ फार काही सांगत नाही, हेही खरं. पण तुमच्यासारखाच एक मनमाडला उभा असतो, एक भुसावळला, एक कोट्याला. तिघांचे व्हिडिओ वेळेनुसार लावले की मार्ग, वेग आणि दिशा मिळते. गाडीतला जवान घरच्यांनाही जे सांगत नाही ते आपण तीस सेकंदांत, गाण्यासकट, सांगून मोकळे.

ही नुसती शंका नाही. एप्रिल २०२५च्या अखेरीस केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं सुरक्षा दलांच्या हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका अशी सूचना माध्यमांना आणि समाजमाध्यमं वापरणाऱ्यांना दिली. मे महिन्यात रेल्वे मंडळानं स्वतःच्या कर्मचाऱ्यांना सावध केलं: मिलिटरी स्पेशल गाड्यांची माहिती विचारणारे फोन पाकिस्तानी गुप्तहेरांचे असू शकतात, काही सांगू नका. म्हणजे या गाड्या कुठं आहेत हे जाणून घ्यायला कुणीतरी फोन फिरवत बसतं. आपण रील टाकून त्याचा फोनचा खर्च वाचवायचा का? कायद्याची बाजूही आहे. १९२३चा शासकीय गुपिते कायदा अजून लागू आहे, आणि शत्रूला उपयोगी पडेल अशी माहिती प्रसिद्ध करणं त्यात बसू शकतं. “मला माहीत नव्हतं” हे ठाण्यात सांगायची वेळ न आलेली बरी.

तेव्हा गाडी दिसली की बघा, जवानांना हात करा, ते पण करतात. फोन खिशात. आधीच टाकलं असेल तर नुसतं अर्काइव्ह करू नका, डिलीट करा, आणि ग्रुपवर फॉरवर्ड झालं असेल तर ‘सर्वांसाठी डिलीट’ वेळेत करा. दुसऱ्याची अशी रील समोर आली तर तिच्याखाली “कुठलं स्टेशन भावा?” असं विचारू नका, बरेचदा जागा व्हिडिओतून कळत नाही, कॉमेंटमधून कळते.

रणगाडा जवळून बघायचाच असेल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ला सुरू झालेलं. इंग्रजांचे माटिल्डा, चर्चिल, सेंच्युरियन, पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन, सगळे उघड्यावर मांडलेत. फोटोचे नियम दारातच विचारा. जमलं तर चर्चिल आणि पॅटनच्या समोर, पट्ट्यांच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत पावलं मोजा. कुणाच्या देशात बोगदे चिंचोळे होते ते लगेच कळेल.